मॉस-१ मधला उजळ चौकोन आकाशातला की कॅमेऱ्यातला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीचा जुना डेटा उतरवून घेतला. दीर्घिकांच्या एका समूहाभोवतीचा विरळ, तप्त वायू तिला पाहायचा आहे. ०.३ ते १ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं माप) पट्ट्यात प्रतिमा काढली तर त्या दुर्बिणीवरच्या मॉस-१ कॅमेऱ्याचा एक अख्खा चौकोन शेजारच्या चौकोनांपेक्षा उजळ दिसतो. दोन चौकोन काळे ठिक्कर आहेत. एका जागी एकच पिक्सेल झळकतो. आणि वर्णपटात १.५ आणि १.७५ केईव्हीजवळ दोन टोकदार रेषा उभ्या आहेत. ‘यातलं आकाशातलं काय, कॅमेऱ्यातलं काय, आणि कॅमेऱ्यातलं असेल तर पाइपलाइननं, म्हणजे डेटा आधी साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं, ते आधीच का काढलं नाही?’

चारही गोष्टी कॅमेऱ्यातल्याच आहेत. समूह त्यांच्यामागे आहे आणि तो सापडेल, पण आधी ही चार प्रकरणं निकालात काढावी लागतील. चौघांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून सगळ्यांवर एकच फिल्टर मारून मोकळं होता येणार नाही.

आधी कॅमेरा काय करतो ते पाहू. क्ष-किरण दुर्बिणीतला सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चिप, एकेक फोटॉन सुटा मोजतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होलची एक जोडी सुटायला सरासरी ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे १ केईव्हीचा फोटॉन आत शिरला की साधारण २७० इलेक्ट्रॉन हाती येतात, आणि ५.९ केईव्हीचा असेल तर सोळाशेच्या आसपास. ठरावीक वेळानं चिप वाचली जाते. मॉसला पूर्ण चौकटीसाठी, म्हणजे एका वाचनासाठी, २.६ सेकंद लागतात, नासाच्या चंद्रा दुर्बिणीवरच्या एसिस कॅमेऱ्याला ३.२. पिक्सेलमध्ये साठलेले इलेक्ट्रॉन मोजले की त्या फोटॉनची ऊर्जा कळते. एका वाचनात एका पिक्सेलपाशी दोन फोटॉन येऊ नयेत एवढीच अट, आणि तुमच्या समूहासारख्या मंद गोष्टीला ती सहज पाळता येते.

अडचण अशी की रिकाम्या पिक्सेलचं वाचनही नेमकं शून्य येत नाही. वाचणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज असतो, चांगल्या चिपमध्ये काही इलेक्ट्रॉनांचा. म्हणून एक उंबरठा ठरवतात. त्याच्या वरचं ते नोंदवायचं, खालचं सोडून द्यायचं. हा उंबरठा कुठे ठेवायचा हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, म्हणून एक हिशेब करून पाहा. १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलची चिप धरा, नॉइज गॉसच्या घंटेसारख्या वक्राप्रमाणे वाटलेला माना आणि उंबरठा ५ सिग्मावर, म्हणजे नॉइजच्या सरासरी चढउताराच्या पाचपट, ठेवा. एका पिक्सेलनं एका वाचनात उगाचच उंबरठा ओलांडण्याची शक्यता कोटीत तीन, म्हणजे नगण्य. पण पिक्सेल साडेदहा लाख आहेत, त्यामुळे दर तीन-चार चौकटींमागे एक खोटी नोंद पडते. ३.२ सेकंदांच्या चौकटीनं एक लाख सेकंद निरीक्षण केलं तर ३१ हजार चौकटी होतात, आणि खोट्या नोंदी नऊ हजारांवर जातात. उंबरठा ६ सिग्मावर नेला की त्याच निरीक्षणात तीसेक उरतात. मग सातावर का नेत नाहीत? कारण तुमच्या वायूचे बरेच फोटॉन अर्ध्या केईव्हीच्या आसपासचे आहेत, आणि अशा फोटॉनचे इलेक्ट्रॉन अनेकदा दोन-तीन पिक्सेलांत वाटले जातात. उंबरठा चढवला की त्यातला छोटा वाटा हरवतो आणि फोटॉनची ऊर्जा चुकीची मोजली जाते.

हा झाला आदर्श हिशेब. खरा नॉइज गॉसच्या वक्रात राहत नाही. त्याला लांब शेपूट असतं, ते तापमानाप्रमाणे बदलतं आणि काही वेळा अख्ख्या चिपची वागणूक बिघडते. तुमचा उजळ चौकोन त्यातलाच आहे.

मॉसच्या प्रत्येक कॅमेऱ्यात सात चिप आहेत, मध्ये एक आणि भोवती सहा. बाहेरच्या काही चिप, विशेषतः मॉस-१ ची चार नंबरची आणि मॉस-२ ची पाच नंबरची, काही निरीक्षणांत १ केईव्हीच्या खाली एकाएकी गजबजतात. या अवस्थेला आमच्यात ‘अनॉमलस स्टेट’ म्हणतात. १ केईव्हीच्या वर तीच चिप अगदी शहाण्यासारखी वागते, त्यामुळे २ ते ७ केईव्हीची प्रतिमा पाहून समाधान मानणाऱ्याला काही कळतच नाही. नेमका मऊ, कमी ऊर्जेचा वायू शोधणाराच यात सापडतो. तुमच्या प्रतिमेतला चौकोन त्यातला आहे हे सिद्ध करणं अवघड नाही. त्याच्या कडा चिपच्या कडांशी तंतोतंत जुळतात का ते पाहा. लाखो प्रकाशवर्षं पसरलेल्या वायूला आपल्या चिपच्या सीमा माहीत असायचं कारण नाही. मग त्याच वेळी घेतलेला मॉस-२ चा डेटा उघडा. हे दोन कॅमेरे एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले आहेत, त्यामुळे आकाशाचा तोच तुकडा तिथे वेगळ्या चिपवर, वेगळ्या कोनात पडतो. उजेड खरा असेल तर तो तिथेही दिसायला हवा. तिसरा साक्षीदार त्याच दुर्बिणीवरचा पीएन कॅमेरा. त्याच्या बारा सीसीडी एकाच सिलिकॉनच्या चकतीवर आहेत आणि वाचनयंत्रणा पूर्ण निराळी आहे.

या कामात मी उमेदीची वर्षं घालवली, आणि जे कामाला आलं ते एवढंच. दिसलेली गोष्ट कशाला चिकटून आहे ते शोधायचं. ती आकाशाच्या निर्देशांकांना चिकटलेली आहे, चिपच्या रांगा-स्तंभांना, घड्याळाला, की दुर्बिणीच्या धातूला? खऱ्या ताऱ्याला आपल्या चिपची ओळख नसते आणि बिघडलेल्या पिक्सेलला आकाशाची. तुमच्या उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं याच विचारातून निघतात.

काळ्या चौकोनांचं झटपट सांगतो. मॉस-१ ची सहा नंबरची चिप ९ मार्च २००५ रोजी सूक्ष्म उल्काकणाच्या आघातानं गेली आणि तीन नंबरची डिसेंबर २०१२ मध्ये. २०१२ नंतरच्या प्रत्येक निरीक्षणात ती दोन भोकं असणारच. २००५ च्या त्याच आघातानं मधल्या चिपवर एक तापट स्तंभही (प्रकाश नसतानाही उजळ दिसणारी पिक्सेलांची उभी ओळ) मागे सोडला, आणि तो नेमका मुख्य लक्ष्य जिथे पडतं त्या जागेजवळून जातो. प्रतिमेच्या मध्यातून जाणारी बारीक उभी रेघ दिसली तर दचकू नका. असे आघात विरळ नाहीत. स्विफ्ट दुर्बिणीच्या क्ष-किरण कॅमेऱ्यावर २७ मे २००५ रोजी कण आदळला, तिथेही तापट स्तंभ उरले.

झळकणारा पिक्सेल. मॉसचा एक पिक्सेल आकाशात साधारण १.१ सेकंद कोनाचा (एका अंशाचे ६० मिनिटे कोन, एका मिनिटाचे ६० सेकंद कोन) आहे, आणि एक्सएमएमच्या आरशांतून बिंदुवत ताऱ्याची प्रतिमा उमटते ती पाच-सहा सेकंद कोनाची. आरसा एखाद्या ताऱ्याचा प्रकाश एकाच पिक्सेलमध्ये कोंबूच शकत नाही. शेजारचे पिक्सेल थंड आणि मधला एकच पेटलेला असेल तर तो प्रकाश आरशातून आलेला नाही, विषय संपला. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीत तर ताऱ्याचा ठिपका दोन मिनिटे कोनाच्या घरात पसरतो, तिथे ही ओळख आणखी सोपी होते.

चंद्रा दुर्बिणीची गोष्ट मात्र उलटी. तिचे आरसे इतके धारदार आहेत की ताऱ्याचा बराचसा प्रकाश मोजक्या पिक्सेलांत बसतो, त्यामुळे ठिपक्याच्या रुंदीवरून निकाल लागत नाही. तिथे दुसरी युक्ती आहे. निरीक्षणभर अख्खी दुर्बीण हळूहळू डोलवतात. एसिसचा पिक्सेल जेमतेम अर्ध्या सेकंद कोनाचा, आणि हे डोलणं सोळा सेकंद कोन रुंद. म्हणजे तारा चिपवर तीसेक पिक्सेलांच्या पट्ट्यात फिरत राहतो. एका दिशेला आवर्तन १००० सेकंदांचं आणि दुसऱ्या दिशेला ७०७ सेकंदांचं, म्हणून वाट पुन्हा पुन्हा तीच पडत नाही, लिसाजूची जाळी, म्हणजे एकमेकांना छेदत जाणाऱ्या वळणदार रेघांची नक्षी, विणली जाते. सॉफ्टवेअर हे डोलणं वजा करून आकाशाची प्रतिमा बनवतं. तारा एका जागी गोळा होतो आणि तापट पिक्सेल त्या जाळीच्या आकारात विस्कटतो. मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर युक्ती हीच वाटते. एकही जास्तीचा सुटा भाग न लावता, फक्त दुर्बीण डोलवून त्यांनी खरं-खोटं वेगळं केलं.

तरीही एक प्रकार निसटतो. वैश्विक किरणाचा एखादा जोरदार कण पिक्सेलमध्ये खूप इलेक्ट्रॉन सोडून जातो. त्यातले काही सिलिकॉनच्या दोषांत अडकतात आणि पुढच्या काही चौकटींत थेंबाथेंबानं बाहेर पडतात. याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. लागोपाठच्या काही चौकटींत, त्याच पिक्सेलमध्ये, चार-सहा नोंदी. हे थोड्याच सेकंदांत घडतं, तेवढ्यात दुर्बीण डोलून फारशी कुठे जात नाही, त्यामुळे आकाशाच्या प्रतिमेतही ते एका जागी राहतं आणि मंद तारा असल्याचं सोंग घेतं. खोल निरीक्षणात चार-पाच फोटॉनांचे स्रोत मोजणाऱ्याला हे सोंग महागात पडतं. उपाय घड्याळात आहे. स्रोताचे फोटॉन पूर्ण निरीक्षणभर विखुरलेले आहेत की दहा-वीस सेकंदांत दाटीनं आले, हे पाहायचं.

आता रेषा. १.४९ केईव्हीची रेषा अ‍ॅल्युमिनियमची आणि १.७४ ची सिलिकॉनची. वैश्विक किरण कॅमेऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणि खुद्द चिपच्या सिलिकॉनवर आदळतात आणि ते अणू आपापल्या ऊर्जेचा क्ष-किरण सोडतात. हे फोटॉन खरेखुरे आहेत, फक्त आकाशातले नाहीत. त्यामुळे उंबरठा, नोंदीचा आकार, पिक्सेलांचा नमुना यांपैकी कुठलीच चाळणी त्यांना अडवू शकत नाही. रापण ओढल्यावर बांगड्याबरोबर खेकडे आणि शेवाळंही वर येतं, आणि निवडायचं काम वाळूवर बसूनच करावं लागतं, तसंच हे.

निवडायचं साधन म्हणजे झाकण लावून घेतलेला डेटा. एक्सएमएमचं फिल्टरचक्र (कॅमेऱ्यासमोर फिल्टर किंवा झाकण आणणारं चाक) बंद ठेवून घेतलेली निरीक्षणं सगळ्यांना उपलब्ध आहेत. आरशातून काहीच येत नसताना कॅमेरा जे दाखवतो ते सगळं त्याचं स्वतःचं. शिवाय मॉसच्या बाहेरच्या चिपचे कोपरे आरशांच्या दृष्टिक्षेत्राबाहेर राहतात, तिथे तुमच्याच निरीक्षणाच्या वेळचा, तुमच्याच दिवसाचा नॉइज मोजता येतो. झाकणाचा डेटा घ्या, कोपऱ्यांच्या पातळीला जुळवा आणि वजा करा. एक इशारा: कोपरा शांत आहे म्हणून ती चिप स्वच्छ आहे असं धरू नका. चार नंबरच्या चिपचा गोंधळ काही वेळा कोपऱ्यात उमटतच नाही. तिथे डोळ्यांनी प्रतिमा पाहण्याला पर्याय नाही.

पीएनमध्ये याच जातीची आणखी एक खोच आहे आणि पुढे तुम्ही ती वापरणार म्हणून आताच सांगतो. त्याच्या वर्णपटात ८.०५ केईव्हीला तांब्याची ठळक रेषा दिसते. ती येते चिपच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डातून. पण त्या बोर्डाला मधोमध भोक आहे, त्यामुळे तांब्याची रेषा कडेला जोरात आणि मध्यभागी जवळजवळ नाहीशी. आता समजा समूह मध्यभागी आहे आणि पार्श्वभूमी तुम्ही कडेच्या भागातून घेतली. वजाबाकी केल्यावर मध्यभागी तांब्याची ‘ऋण’ रेषा उगवेल आणि तिच्या आसपासची मापं खाली खेचली जातील. पार्श्वभूमी जवळच्या रिकाम्या जागेतून घ्या, असं सगळीकडे सांगतात. इथे तोच सल्ला अंगाशी येतो.

तुम्ही न विचारलेली पण तुमच्या डेटात नक्की असलेली पाचवी गोष्ट म्हणजे मऊ प्रोटॉन. पृथ्वीभोवतीचे कमी ऊर्जेचे प्रोटॉन क्ष-किरणांच्या निमुळत्या आरशांवरून अलगद घसरत थेट कॅमेऱ्यावर येतात. त्यांचा ना चौकोन दिसतो ना रेषा. प्रतिमा सगळीकडे उजळते आणि ते हुबेहूब पसरलेल्या वायूसारखं दिसतं. मात्र ते घड्याळाला चिकटलेले असतात. १० केईव्हीच्या वरच्या नोंदींचा काळानुसार आलेख काढा, तिथे समूहाचं फारसं काही नसतं. पठार सोडून जिथे उंचवटे दिसतील तेवढा काळ कापून टाका. अर्धं निरीक्षण गेलं तरी जाऊ द्या. वीस हजार स्वच्छ सेकंद चाळीस हजार घाणेरड्या सेकंदांपेक्षा जास्त सांगतात, निदान मंद वायूच्या बाबतीत तरी.

याच प्रोटॉननी चंद्रा दुर्बिणीला सुरुवातीलाच दणका दिला होता. जुलै १९९९ मध्ये ती सोडली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून (वेगवान कण अडकून राहिलेल्या भागांतून) जाताना कॅमेरा आरशांच्या केंद्रस्थानी उघडा राहिला. शंभर केईव्हीच्या आसपासचे प्रोटॉन सिलिकॉनमध्ये फार खोल जात नाहीत. समोरून प्रकाश घेणाऱ्या आठ चिपमध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेणारी वाट पृष्ठभागाला लागूनच आहे. प्रोटॉन नेमके तिथे थांबले आणि सिलिकॉनच्या जाळीत दोष करून गेले. मागून प्रकाश घेणाऱ्या दोन चिपमध्ये ती वाट दुसऱ्या बाजूला, खोलात आहे, म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून त्या आठ चिपमध्ये वाचनाच्या टोकापासून दूरच्या रांगेतले इलेक्ट्रॉन येता येता थोडे हरवतात, आणि तोच ५.९ केईव्हीचा फोटॉन लांबच्या रांगेत कमी ऊर्जेचा वाटतो. ऊर्जा रांगेनुसार सरकत असेल तर दोष चिपचा, आकाशाचा नव्हे. पुढे प्रत्येक फेरीत प्रारणपट्टा आला की एसिसला केंद्रापासून बाजूला सरकवायला लागले, चिपचं तापमान उणे १२० अंशांवर नेलं. डिसेंबर १९९९ मध्ये सुटलेल्या एक्सएमएमला हा धडा ऐनवेळी मिळाला, आणि पट्ट्यातून जाताना ती फिल्टरचक्र बंद ठेवते.

मग पाइपलाइन हे सगळं का काढत नाही? काढते, पण हात राखून. कायमचे खराब पिक्सेल, स्तंभ, वैश्विक किरणांचे लांब ओरखडे हे सगळं तुमच्या हाती फाइल येण्याआधीच गेलेलं असतं. जिथे शंका आहे तिथे ती नोंद न पुसता तिच्यावर खूण करते. तुम्ही पीएनसाठी नमुना (नोंद किती आणि कशा पिक्सेलांत पसरली त्याचा क्रमांक) ४ पर्यंत आणि फ्लॅग (शंकेची खूण) शून्य, मॉससाठी नमुना १२ पर्यंत असे जे ठरीव निकष लावता ते त्या खुणांवरच चालतात. जास्त जोर लावला तर काय होतं याचं उदाहरण चंद्राच्या डेटातच आहे. आफ्टरग्लो शोधणारं सुरुवातीचं साधन तेजस्वी ताऱ्यांचे खरे फोटॉनही काही टक्के उचलून फेकत असे, कारण तेजस्वी ताऱ्याचे फोटॉनही लागोपाठच्या चौकटींत त्याच पिक्सेलमध्ये पडतात. एका वापरणाऱ्याला काय हवं आणि दुसऱ्याला काय, हे पाइपलाइन लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय कॅमेऱ्यात १६,३८४ पिक्सेल आहेत. वैश्विक किरण आदळला की काही मायक्रोसेकंदांत नोंदींची माळ लागते आणि ती काढून टाकावी लागते. पण शेजारच्या दोन पिक्सेलांत एकाच क्षणी पडलेली जोडी म्हणजे कॉम्पटन विखुरलेला, म्हणजे एका पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉनला धडकून उरलेल्या ऊर्जेनं दुसऱ्यात गेलेला, एकच फोटॉनही असू शकतो. क्रॅब पल्सारच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजलं गेलं ते अशा जोड्यांवरून. सरसकट साफसफाई केली असती तर ते काम झालंच नसतं.

म्हणून तुमच्या डेटावर काय करायचं ते सांगतो. मॉस-१ ची चार नंबरची चिप १ केईव्हीखालच्या विश्लेषणातून सरळ वगळा. तिच्या नॉइजचं मॉडेल बनवून ती वाचवण्याचे प्रयत्न झालेले आहेत, पण एम.एस्सी.च्या प्रकल्पात त्या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. एक्सएमएमच्या एसएएस सॉफ्टवेअरमध्ये गजबजलेली मॉस चिप हेरणारं ईएम-टॅग-एलई-नॉइज नावाचं साधन आहे ते चालवा, आणि त्याचा निकाल प्रतिमेशी ताडून पाहा. अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या रेषा वजाबाकीनंतरही थोड्या उरतील, कारण त्यांची ताकद जागेनुसार आणि काळानुसार बदलते. १.४ ते १.९ केईव्हीचा पट्टा गाळा किंवा मॉडेलमध्ये दोन बारीक रेषा मोकळ्या सोडा. तापमान मोजताना मी दुसरा मार्ग घेतो, पट्टा गाळला की मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या खऱ्या रेषाही हातच्या जातात. आणि या दोन्हींत न बसणारी एखादी अशक्त रेषा उरलीच, तर लगेच हुरळू नका. २०१४ मध्ये दीर्घिकासमूहांच्या वर्णपटात ३.५ केईव्हीजवळ सापडलेल्या अशक्त रेषेवर अख्खं जग वाद घालत बसलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हिटोमी दुर्बिणीच्या कितीतरी सूक्ष्म वर्णपटात पर्सियस समूहात ती त्या ताकदीनं दिसली नाही.

शेवटी, हे सगळं हाताखालून जावं असं वाटत असेल तर उपग्रहाची गरज नाही. गोव्यातल्या हौशी खगोलमंडळींकडे थंड करण्याची सोय नसलेला सीमॉस कॅमेरा सहज मिळेल. झाकण लावा आणि पाच-पाच मिनिटांच्या चौकटी घ्या, एकदा मे महिन्यातल्या रात्री गच्चीवर आणि एकदा एसी लावलेल्या खोलीत. डार्क करंट, म्हणजे उष्णतेनं अंधारातही पिक्सेलमध्ये साठणारे इलेक्ट्रॉन, साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो, फरक डोळ्यांना दिसेल. काही पिक्सेल दोन्हीकडे पेटलेले असतील, काही फक्त उकाड्यात, आणि काही एका चौकटीत पेटून पुढच्या दोनांत विझलेले. शेवटच्या गटाची यादी करा. त्यांना फ्लिकरिंग पिक्सेल म्हणतात आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी तेच देतात, कारण आज केलेली खराब पिक्सेलांची यादी उद्या त्यांना लागू पडत नाही. पावसाळ्यात करणार असाल तर कॅमेऱ्याच्या काचेवर दमटपणा धरतो, सिलिका जेलची पिशवी आत ठेवा. आणि लॅपटॉपला यूपीएस असू द्या, रात्रभराच्या चौकटी वीज गेल्यावर अर्ध्यात तुटल्या तर तापमानाची सलग नोंद राहत नाही आणि तुलना फुकट जाते.